उपाशी नदीकाठचे अरण्य

जिथे रान दाट तिथे जमीन कसदार, ही समजूत आपल्या मनात फार खोलवर रुजलेली आहे. आपल्या वाडवडिलांनी रान साफ करून शेते काढली, वाड्या फुलवल्या, त्या याच विश्वासावर. आणि नदीच्या गाळाच्या जमिनीत तो विश्वास पुष्कळदा खराही ठरला. परंतु विषुववृत्ताजवळील पर्जन्यवनांच्या बाबतीत या समजुतीने मोठे अनर्थ घडवले. जगातील सर्वांत दाट अरण्यांपैकी काही अरण्ये सर्वांत निकस जमिनीवर उभी आहेत, हे कळायला माणसाला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. ती कशी उभी आहेत, हे कळायला त्याहून अधिक काळ लागला. आणि त्या उत्तराचा काही भाग अजूनही तपासला जात आहे.

त्या उत्तराच्या मुळाशी एक अगदी क्षुद्र वाटणारा जीव आहे: झाडांच्या मुळांवर आणि मुळांच्या आत राहणारी बुरशी. तिच्या शोधाचा इतिहास आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

काळ्या पाण्याचा प्रदेश

व्हेनेझुएलाच्या दक्षिण टोकाला, कोलंबियाच्या सीमेवर, रिओ नेग्रो नदीच्या काठी सान कार्लोस नावाचे एक छोटे गाव आहे. रिओ नेग्रो म्हणजे काळी नदी. तिचे पाणी कोऱ्या चहासारखे गर्द तपकिरी दिसते. कुजलेल्या पानांतील द्रव्यांनी त्याला हा रंग येतो. या भागातच कासिकिआरे नावाचा एक विलक्षण जलप्रवाह आहे. तो ओरिनोको नदीचे पाणी घेऊन रिओ नेग्रोला, म्हणजे पर्यायाने ॲमेझॉनला मिळतो. दोन महानद्या अशा जोडलेल्या असू शकतात, यावर युरोपातील पंडितांचा विश्वास बसत नव्हता. १७४४ साली येशूसंघीय धर्मगुरू मान्युएल रोमान यांनी स्वतः त्या मार्गाने प्रवास करून ही जोडणी खरी असल्याचे दाखवून दिले.

मे १८०० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आलेक्झांडर फॉन हम्बोल्ट आणि त्याचा फ्रेंच सोबती एमे बोंप्लां सान कार्लोसला पोहोचले. ओरिनोकोच्या धबधब्यांजवळील मिशन सांभाळणारे फ्रान्सिस्कन धर्मगुरू बर्नार्दो झेआ त्यांच्यासोबत होते. हम्बोल्टने एक गोष्ट आवर्जून नोंदवली: काळ्या पाण्याच्या नद्यांवर डासांचा उपद्रव जवळजवळ नाही. प्रवाशांना याचे सुख वाटले. परंतु जिथे डासांच्या अळ्यांनाही नीट पोसता येत नाही, त्या पाण्यात माशांना आणि माणसांना तरी काय मिळणार? या नदीला पुढे ‘उपाशी नदी’ असे नाव पडले, ते उगीच नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड सिओली यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यातील पाण्यांचे काळे, पांढरे व स्वच्छ असे वर्गीकरण केले. रिओ नेग्रोच्या पाण्यात विरघळलेले क्षार त्यांना इतके कमी आढळले की, प्रयोगशाळेतील ऊर्ध्वपातित पाण्याशीच त्याची तुलना करता यावी.

नदीच्या पाण्यात क्षार नाहीत याचा अर्थ जमिनीतही देण्यासारखे फारसे उरलेले नाही. लक्षावधी वर्षांच्या पावसाने तिथला खडक धुऊन निघाला आहे. तरीही काठावर आकाशाला भिडणारे रान उभे होते, आणि प्रवाशांच्या डोळ्यांना तेवढेच दिसत होते.

आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ १८५१ साली याच मार्गाने सान कार्लोसपर्यंत गेला. डार्विनच्या बरोबरीने उत्क्रांतीचे तत्त्व मांडणारा तो हाच. १८५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात त्याने छातीठोकपणे लिहिले की, हे आदिम अरण्य तोडून तिथे समृद्ध कुरणे, मळे आणि फळबागा उभारता येतील, तेही युरोपातील श्रमांच्या निम्म्या श्रमांत. वॉलेस हा वरवर पाहणारा माणूस नव्हता. त्याच्यासारख्या सूक्ष्म निरीक्षकाची फसगत व्हावी, इतके त्या रानाचे रूप भुलवणारे होते.

समजुतीची किंमत

ब्राझीलमधील बेलेम शहराच्या पूर्वेस ब्रागांसा नावाचे गाव आहे. १८८३ साली या दोन गावांना जोडणाऱ्या लोहमार्गाचे काम सुरू झाले आणि १९०८ साली ते पुरे झाले. रुळांच्या दोन्ही बाजूंचे रान तोडून तिथे शेतकरी वसवण्यात आले. बेलेम शहराला अन्नधान्य पुरवणारा हा प्रदेश होईल, अशी अपेक्षा होती. राखेवर घेतलेली पहिली पिके चांगली आली. मग उत्पन्न उतरत गेले. शेतकरी पुढचे रान तोडीत सरकले आणि मागे खुरट्या झुडपांचा प्रदेश राहिला.

१९७० साली ब्राझील सरकारने ट्रान्सॲमेझॉन महामार्गाची योजना हाती घेतली. ईशान्य ब्राझीलच्या दुष्काळी भागातील गरीब कुटुंबांना रस्त्याच्या कडेला प्रत्येकी सुमारे १०० हेक्टर जमीन देण्यात येणार होती. भूमिहीनांना भूमी मिळावी, हा त्यामागील हेतू कोणालाही पटण्यासारखा होता. परंतु अनेक ठिकाणी जमिनीने साथ दिली नाही, वाहतूक आणि कर्ज यांची घडी बसली नाही, आणि पुष्कळ कुटुंबे काही वर्षांतच आपला तुकडा विकून वा टाकून निघून गेली. ज्यांच्याजवळ आधीच काही नव्हते, त्यांना समजुतीतील चुकीची किंमत मोजावी लागली.

ॲमेझॉनची सगळीच जमीन निकस आहे, असे मात्र नाही. अँडीज पर्वतातून गाळ आणणाऱ्या नद्यांच्या पूरमैदानांत जमीन सुपीक आहे. शिवाय तिथल्या मूळ रहिवाशांनी कोळसा, हाडे, खापरे व कचरा मातीत मिसळून शेकडो वर्षांच्या वस्तीत काळी, कसदार माती तयार केली. ‘तेर्रा प्रेता’ या नावाने ती ओळखली जाते आणि आजही पीक देते. परंतु खोऱ्याचा फार मोठा भाग जुन्या, झिजलेल्या, तांबूस मातीचा वा पांढऱ्या वाळूचा आहे. तिथे रान कशावर जगते, हा प्रश्न उरतोच.

ट्रफल शोधता शोधता

या प्रश्नाचे उत्तर ज्या धाग्याने सुटू लागले, तो धागा ॲमेझॉनपासून हजारो मैल दूर, बर्लिनमध्ये सापडला. आणि तोही भलत्याच गोष्टीच्या शोधात. फ्रान्समध्ये जमिनीखाली वाढणाऱ्या ट्रफल नावाच्या अळंबीला सोन्याचा भाव येत असे. प्रशियातही तिची लागवड करता येईल काय, याचा अभ्यास करण्याचे काम सरकारने आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञावर सोपवले.

ट्रफलच्या लागवडीत फ्रांकला यश आले नाही. परंतु ओक, बीच, हेझल अशा झाडांची मुळे उकरून पाहताना त्याच्या लक्षात आले की, मुळांची कोवळी टोके बुरशीच्या तंतूंनी टोपड्यासारखी पूर्ण झाकलेली आहेत. मूळ आणि माती यांचा थेट स्पर्शच होत नाही. मधे सर्वत्र बुरशी आहे. तरीही झाडे निरोगी आहेत. १८८५ साली त्याने हा शोध प्रसिद्ध केला आणि या जोडीला ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘मायकेस’ म्हणजे अळंबी वा बुरशी आणि ‘रायझा’ म्हणजे मूळ. मराठीत आपण तिला ‘कवकमूळ’ म्हणू शकतो. पोलिश शास्त्रज्ञ फ्रांचिशेक कामिएन्स्की याने थोडे आधी, हरितद्रव्य नसलेल्या एका रानफुलाच्या मुळांवर अशीच बुरशी पाहून तिच्याद्वारेच त्या फुलाला अन्न मिळत असावे, असे मत मांडले होते.

फ्रांकचे म्हणणे धाडसाचे होते. बुरशी झाडाला खात नाही, उलट मातीतील पाणी व क्षार झाडाला पोहोचवणारी ती दाई आहे, असे तो म्हणत होता. त्या काळी बुरशी म्हणजे रोग असेच समीकरण होते. शेतात तांबेरा, बटाट्यावर करपा, लाकडावर कूज. रॉबर्ट हार्टिगसारख्या नामांकित वनशास्त्रज्ञांनी त्याला विरोध केला. फ्रांकने निर्जंतुक केलेल्या मातीत आणि साध्या मातीत पाइनची रोपे वाढवून त्यांची तुलना केली. बुरशी असलेली रोपे जोमाने वाढली. तरीही वाद मिटायला अनेक दशके जावी लागली.

जावाच्या बागेत

युरोपातील निष्कर्ष उष्ण कटिबंधास लागू पडतील काय? हे पाहण्यास जावा बेटावरील बॉयटेनझोर्ग, म्हणजे आजचे बोगोर, येथील वनस्पती उद्यानासारखी दुसरी जागा नव्हती. मेल्किओर ट्रॉइब यांच्या संचालकपदाच्या काळात हे उद्यान उष्ण कटिबंधीय वनस्पतिशास्त्राचे जगातील एक प्रमुख केंद्र बनले होते. तिथे जे. एम. यान्से या डच शास्त्रज्ञाने निरनिराळ्या कुळांतील ७५ वनस्पतींची मुळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि त्यांपैकी ६९ वनस्पतींच्या मुळांत बुरशी आढळल्याचे १८९७ च्या सुमारास प्रसिद्ध केले.

ही बुरशी फ्रांकच्या बुरशीहून वेगळी होती. ती मुळावर टोपडे घालीत नव्हती. बाहेरून पाहिल्यास मूळ अगदी स्वच्छ दिसे. परंतु आत, मुळाच्या पेशींत, तिने झाडाच्या फांद्यांसारखी अतिसूक्ष्म शाखाजाळी विणलेली असे. फ्रेंच शास्त्रज्ञ गालो याने १९०५ साली या रचनांना ‘आर्बस्क्यूल’, म्हणजे ‘लहान झाड’ असे नाव दिले. मोठ्या झाडाच्या मुळात एक चिमुकले झाड, असे हे नाव आहे, आणि देवाणघेवाणीची जागा हीच. त्या ठिकाणी बुरशी आणलेला स्फुरद झाडाला देते व झाड पानांत बनवलेली शर्करा आणि स्निग्ध द्रव्ये बुरशीला देते.

पृथ्वीवरील बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांत ही दुसऱ्या प्रकारची बुरशी असते. भात, नाचणी, आंबा, केळ, साग या सर्वांशी तिचे नाते आहे. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथे सापडलेल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्म वनस्पतींतही अशा शाखाजाळीच्या खुणा १९९४ साली दाखवण्यात आल्या. त्या वनस्पतींना अजून खरी मुळेही फुटलेली नव्हती. मुळांच्या आधी बुरशीची सोबत आली होती.

इतकी सर्वव्यापी असूनही या बुरशीकडे दीर्घकाळ दुर्लक्षच झाले, कारण ती झाडाशिवाय प्रयोगशाळेत वाढत नाही. इंग्लंडमध्ये बार्बरा मॉसी यांनी १९५० च्या दशकात स्ट्रॉबेरी व सफरचंदाच्या मुळांवर चिकाटीने काम केल्यावर तिचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला.

तिचे काम समजण्यासाठी स्फुरदाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. नत्र पाण्यासोबत वाहते. स्फुरद मात्र मातीतील लोह व ॲल्युमिनियम यांना घट्ट चिकटून बसतो. मूळ आपल्याभोवतीच्या एक-दोन मिलिमीटरांतील स्फुरद शोषून घेते आणि मग त्याच्याभोवती रिकामे कडे तयार होते. पलीकडचा स्फुरद आपणहून मुळाकडे येत नाही. बुरशीचा तंतू हे कडे ओलांडून कित्येक सेंटिमीटर पुढे जातो, आणि मुळाला शिरता येणार नाही अशा बारीक फटींत शिरतो. या सेवेचे मोल झाड चुकते करते. आपण बनवलेल्या अन्नाचा कधी कधी पाचवा हिस्साही ते बुरशीला देऊन टाकते.

सान कार्लोसची मुळांची गादी

१९६७ साली ‘आल्फा हेलिक्स’ हे संशोधनजहाज ॲमेझॉनमध्ये गेले. त्या मोहिमेतील निरीक्षणांवरून फ्रिट्स वेंट आणि नेली स्टार्क यांनी १९६८ साली एक विचार मांडला. ॲमेझॉनच्या रानात बारीक मुळांचे जाळे मातीत खोल न जाता पालापाचोळ्यातच वर वर पसरलेले असते, आणि त्या मुळांवरील बुरशी पडलेल्या पानांना चिकटलेली असते. तेव्हा पानातील पोषकद्रव्ये मातीत न उतरता बुरशीच्या वाटेने थेट मुळात परत जात असावीत, असे त्यांचे म्हणणे होते. रान मातीवर उभे आहे. जगते मात्र आपल्याच गळलेल्या पानांवर.

हा विचार तपासण्याचे काम झाले ते हम्बोल्ट आणि वॉलेस जिथून गेले त्याच सान कार्लोसजवळ. १९७५ साली तिथे व्हेनेझुएलाची वैज्ञानिक संशोधन संस्था, अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठ आणि जर्मनीतील माक्स प्लांक संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी मिळून एक दीर्घ प्रकल्प सुरू केला. एर्नेस्तो मेदिना, राफाएल एरेरा, कार्ल जॉर्डन, हान्स क्लिंग ही त्यातील प्रमुख नावे. तिथे वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या कोकणातील चांगल्या पावसाळ्याइतका, पण बारा महिन्यांत विभागलेला. या रानात जमिनीवर मुळांची आणि पाचोळ्याची एक जाड गादीच अंथरलेली असते. पाऊल टाकले तर ते दबते.

स्टार्क आणि जॉर्डन यांनी या गादीवर किरणोत्सारी कॅल्शियम आणि किरणोत्सारी स्फुरद यांचे द्रावण शिंपडले व गादीतून खाली झिरपणारे पाणी गोळा केले. १९७८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष थक्क करणारा होता: हजारातील नऊशे नव्व्याण्णव भाग गादीने धरून ठेवले होते, खाली झिरपला तो केवळ हजारातील एक भाग. त्याच वर्षी एरेरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुजणाऱ्या पानातील किरणोत्सारी स्फुरद बुरशीच्या तंतूंनी जोडलेल्या मुळात पोहोचल्याचे दाखवले. रिओ नेग्रोचे पाणी उपाशी का, याचे एक कारण आता कळले. रान नदीला काही जाऊच देत नव्हते.

याच ठिकाणी १९७६ साली रानाचा एक तुकडा स्थानिक पद्धतीने तोडून जाळण्यात आला आणि त्यात तीन वर्षे कसावा लावण्यात आला. उत्पन्न वर्षागणिक घटले. मातीची तपासणी केली तेव्हा असे दिसले की, पोषकद्रव्यांचा एकूण साठा काही एकदम संपलेला नव्हता. राख आणि कुजणारा काडीकचरा आहे तोवर स्फुरद पिकाला उपलब्ध होता; तो आधार गेल्यावर स्फुरद पुन्हा मातीत जखडला गेला. कोठार भरलेले होते, पण किल्ली हरवली होती.

मतांची दुरुस्ती

वेंट आणि स्टार्क यांचा विचार इतका सुंदर होता की, पाठ्यपुस्तकांत तो सिद्धांत म्हणूनच शिकवला जाऊ लागला. शास्त्राचा प्रामाणिकपणा असा की, त्याने या सुंदर विचाराचीही उलटतपासणी केली. पर्जन्यवनातील बहुतेक झाडांच्या मुळांत यान्सेने पाहिलेली, आत राहणारी बुरशी असते. या बुरशीला पान स्वतः कुजवता येत नाही. २०१३ साली तिच्या एका जातीची संपूर्ण जनुकीय रचना वाचण्यात आली, तेव्हा लाकूड व पाने विघटित करणारी विकरे बनवण्याची क्षमता तिच्यात जवळजवळ नसल्याचे दिसले. म्हणजे पान कुजवतात ते इतर बुरशी आणि जीवाणू. कवकमूळ जवळ टपून असते आणि सुटलेले द्रव्य पावसाने वाहून न्यायच्या आत उचलते. चक्र घट्ट मिटलेले आहे हे खरे. परंतु त्यात हात अनेकांचे आहेत.

फ्रांकने पाहिलेली, टोपडे घालणारी बुरशीही उष्ण कटिबंधात आहे, पण निवडक कुळांत. आग्नेय आशियातील डिप्टेरोकार्प वृक्ष, त्याच कुळातील आपल्याकडचा साल, आणि आफ्रिकेतील काही शेंगवर्गीय महावृक्ष ही तिची घरे. काँगोमधील गिल्बर्टिओडेंड्रॉन या वृक्षाच्या मुळांवर ती असल्याचे पेरोनेल व फासी यांनी १९५७ साली नोंदवले. इटुरीच्या रानात हा एकच वृक्ष मैलोन् मैल पसरलेला आहे. या गटातील अनेक बुरशी सेंद्रिय द्रव्यातून नत्र व स्फुरद स्वतः काढून घेऊ शकतात. २०१३ साली रिचर्ड फिलिप्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरून असे मांडले की, मुळांवर कोणती बुरशी आहे यावर साऱ्या रानाचा व्यवहार ठरतो. एका रानात पाचोळा लवकर कुजून क्षार मोकळे होतात; दुसऱ्यात तो हळूहळू कुजतो आणि कार्बन जमिनीत साठत जातो.

जोडीदार नसला तर काय होते, याचा धडा प्वेर्तो रिको बेटावर मिळाला. तिथे पाइन लावण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षे फसले. रोपे उगवत, पिवळी पडत, खुरटून मरत. १९५५ साली अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील पाइनच्या बनातील माती आणून रोपांना दिली, आणि ती तरारून वाढली. बी पोहोचले होते, पाऊसही होता. मुळांचा सोबती तेवढा समुद्रापलीकडे राहिला होता.

येथे वाचकांना एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. कॅनडात सुझान सिमार्ड यांनी १९९७ साली बुरशीने जोडलेल्या बर्च आणि फर या झाडांमध्ये कार्बनची देवाणघेवाण होते, असे दाखवले. तेव्हापासून झाडे एकमेकांशी बोलतात, आई-झाड पिल्लांना भरवते, अशा कथा सर्वत्र सांगितल्या जातात. प्रवचनासाठी त्या फार सोयीच्या आहेत, हे आम्ही जाणतो. परंतु २०२३ साली या क्षेत्रातील तीन शास्त्रज्ञांनी सारे पुरावे तपासून दाखवले की, नैसर्गिक रानातील अशा दाव्यांना पुरेसा आधार नाही. सत्याला अलंकारांची गरज नसते. जे निश्चित माहीत आहे तेच पुरेसे विस्मयकारक आहे.

आपला जांभा

हम्बोल्ट सान कार्लोसला पोहोचला त्याच १८०० साली फ्रान्सिस ब्युकॅनन नावाचा स्कॉटिश वैद्य मद्रासहून म्हैसूर, कॅनरा आणि मलबारच्या पाहणीस निघाला. मलबारात त्याने एक तांबडा, सच्छिद्र दगड पाहिला. जमिनीत असताना तो कुदळीने सहज कापता येई आणि उघड्यावर ठेवल्यावर विटेसारखा कडक होई. लॅटिनमध्ये विटेला ‘लाटेर’ म्हणतात. त्यावरून १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने या दगडाला ‘लॅटराइट’ असे नाव दिले. आपला जांभा तो हाच. कोकणातील आणि गोव्यातील कित्येक घरे, विहिरी आणि चर्चेस याच जांभ्याच्या चिऱ्यांनी उभी राहिली.

जांभा म्हणजे पावसाने धुतलेली, लोह आणि ॲल्युमिनियम तेवढे मागे उरलेली जमीन. ॲमेझॉनच्या तांबड्या मातीची ती दूरची बहीणच. तीही स्फुरदाला घट्ट धरून ठेवते. भातरोपांच्या जागेवर टहाळ, पातेरा व शेण जाळून राब भाजण्याची कोकणातील जुनी रीत, आणि डोंगरउतारावर रान तोडून, जाळून, दोन-तीन वर्षे नाचणी-वरी घेऊन पुढे सरकण्याची कुमरीची रीत, या दोन्हींच्या मागे जमिनीच्या या स्वभावाची अनुभवाने आलेली जाण होती. रान परत यायला पुरेशी वर्षे मिळत तोवर कुमरी निभावली. वर्षे कमी झाली तसे डोंगर उघडे पडले.

हे सारे लक्षात घेतले म्हणजे देवराईचे एक वेगळेच मोल कळते. जिथे कुऱ्हाड लागली नाही आणि पाचोळाही कोणी उचलला नाही, तिथे जुन्या मुळांसोबत त्यांचे सोबतीही टिकून राहिले. बुलडोझरने वरचा थर खरवडून काढलेल्या, चिरेखाणीने पोखरलेल्या जागी नुसती रोपे लावून रान परत येत नाही, याचे एक कारण हेही आहे. तिथे रोप आहे, पण त्याचा सोबती नाही. म्हणूनच रोपवाटिकेत रोपांना योग्य बुरशीची साथ देण्याचा प्रयत्न आता अनेक ठिकाणी केला जातो. आजूबाजूच्या रानातील जिवंत मातीची मूठभर भर हाही त्यातला एक साधा मार्ग आहे.

हिशेब अजून मिटलेला नाही

हा इतिहास आज केवळ कुतूहलाचा विषय राहिलेला नाही. हवेतील कर्बवायू वाढला म्हणजे झाडेही अधिक वाढतील आणि आपली चूक पोटात घालतील, अशी अनेकांना आशा आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲमेझॉनच्या बाबतीत अनेक गणिती प्रतिमाने तुलनेस घेतली होती. स्फुरदाची टंचाई हिशेबात धरली तेव्हा ही अपेक्षित वाढ सुमारे निम्म्याने कमी झाली. २०२२ साली मनौस शहराजवळील प्रयोगाने दाखवले की, तिथल्या जुन्या रानाला नत्राची नव्हे तर स्फुरदाचीच भूक आहे. स्फुरद घातल्यावर पाने आणि बारीक मुळे वाढली. खोडांची वाढ मात्र पहिल्या दोन वर्षांत दिसून आली नाही.

मग जे थोडे गळून जाते त्याची भर कोण घालते? २०१५ साली उपग्रहांच्या निरीक्षणांवरून मांडलेल्या हिशेबाप्रमाणे सहारा वाळवंटातील धूळ अटलांटिक महासागर ओलांडून दरवर्षी सुमारे २२ हजार टन स्फुरद ॲमेझॉनच्या खोऱ्यात आणून टाकते. पाऊस आणि पूर जेवढा वाहून नेतात, जवळजवळ तेवढाच. एका खंडाच्या ओसाड वाळवंटावर दुसऱ्या खंडाचे अरण्य अवलंबून असावे, आणि वाऱ्याने आलेली ती चिमूटभर धूळ मुळांच्या गादीने टिपून घ्यावी, असा हा नाजूक व्यवहार आहे.

अशा रानाची संपत्ती जमिनीत पुरलेली नसते. ती सतत हातोहात फिरत असते, पानातून पाचोळ्यात, पाचोळ्यातून तंतूत, तंतूतून मुळात आणि मुळातून पुन्हा पानात. रान तोडणारा त्या फिरत्या धनाची साखळी तोडतो आणि मग रिकामी जमीन हाती आल्याबद्दल जमिनीलाच दोष देतो. ब्रागांसाच्या शेतकऱ्यांना हे कोणी सांगितले नव्हते. सांगणाऱ्यांनाच ते ठाऊक नव्हते. आपल्याला ते ठाऊक आहे. आपल्या गावच्या डोंगरावर उरलेल्या रानाच्या तुकड्याबद्दल पुढच्या ग्रामसभेत विषय निघेल तेव्हा वॉलेसचे अज्ञान ही सबब आपल्याला सांगता येणार नाही.